मधल्या माणसावाचून

बळा हा आमच्या बाजूला मानाचा मासा नाही. रुपेरी, हात-दोन हात लांब, शेपटीकडे निमुळता होत जाणारा. पाहुणा आला की सुरमई आणायची, फार तर सरंगा, बळा नाही. घरच्या घरी कधी तळावा, नाहीतर मीठ लावून सुकवावा, एवढीच त्याची मजल. पण मालवणच्या बंदरावर हल्ली होड्या लागल्या की बर्फाच्या गाडीत भराभर चढतात ते बळ्यांचेच क्रेट. एका संध्याकाळी लिलाव आटोपल्यावर ओळखीच्या तांडेलाला विचारलं.

"हे एवढे बळे खंय जातत रे?"

"चीनाक."

"थंय काय करतत तेंचा?"

"माका काय ठावक? गाडयेवालो येता, आमी दितंव. पुढचा तेका ठावक."

गाडीवाल्याला विचारलं असतं तर त्याने कंपनीकडे बोट दाखवलं असतं. कंपनीने निर्यातदाराकडे, निर्यातदाराने शांघायच्या कुणा व्यापाऱ्याकडे. मासा तेवढा सगळी वाट चालून जातो. ज्याने पकडला आणि जो खाणार, त्या दोघांत मधली माणसं इतकी, की एकमेकांना चार शब्द विचारायची वेळच येत नाही. तांडेलाला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटलं नसतं, पण ग्रंथालयांत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा सौदा भलत्याच गोष्टीची आठवण करून देतो.

पूर्वेशी या किनाऱ्याचा व्यवहार जुना, आणि तो कायम असा कुणाच्या तरी मध्यस्थीने झालेला. वेंगुर्ल्याची डच वखार बघा. आता पडायला आली आहे, भिंतींत झाडांची मुळं शिरली आहेत, आणि मुंबईकर तिथे फोटो काढतात. ही वखार सतराव्या शतकातली; डच कंपनी वेंगुर्ल्यात आली ती १६३७ च्या सुमारास. १६४१ पासून त्याच कंपनीची माणसं नागासाकीच्या बंदरात देजिमा नावाच्या चिमुकल्या, भराव घालून केलेल्या बेटावर राहू लागली. दुसऱ्या कुठल्याही युरोपियनाला जपानात व्यापाराची मुभा नव्हती. वेंगुर्ल्याचा कारकून मिरीचे आणि कापडाचे आकडे लिहायचा, देजिमाचा कारकून तांब्याचे, आणि दोघांचे कागद बटाव्हियाला जायचे. आज ते हेगच्या एकाच दप्तरखान्यात आहेत. म्हणजे वेंगुर्लं आणि नागासाकी आता एका छपराखाली आहेत, फक्त भाषा दोघांपैकी एकाचीही नाही.

नंतरची कथाही फार वेगळी नाही. रत्नागिरीला गद्रे मरीनच्या कारखान्यात राणीमाशाच्या लगद्यापासून सुरिमी होते. वस्तू जपानी, तंत्र जपानी, मासा आपला. २००६ साली जपानने भारतीय आंब्याला वीस वर्षांनी पुन्हा दार उघडलं. अट अशी की फळमाशीचा बंदोबस्त म्हणून फळाला उष्ण बाष्पाची आंघोळ घातलेली हवी. देवगडकडचा माझा एक बागायतदार मित्र बाष्पाचं तापमान आणि मिनिटं एका दमात सांगतो. जपानी माणूस आंबा कसा खातो, कापून की चोखून, हे मात्र त्याने कधी कुणाला विचारलेलं नाही. विचारणार कुणाला?

म्हणून मला एका पुस्तकाचं फार अप्रूप आहे. त्याची वाट मालवणातूनच सुरू होते, निदान मी ती तिथून मोजतो.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर ६ जुलै १८३७ रोजी मालवणात जन्मले. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. ही बदली झाली नसती तर, असा खेळ मी खेळत नाही. पण सरकारी बदल्यांनी कोकणातल्या किती घरांचं नशीब फिरवलं त्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसतं ते मालवणला येणाऱ्या पर्यटकाला. तो किल्ला बघतो, स्कूबाला बुडी मारतो, कोंबडी-वडे खातो आणि परततो. त्याचं तरी काय चुकलं? आम्हीच कधी सांगत नाही.

भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ ला, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था निघाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी तिला दिला. स्वतः भांडारकर संस्कृतचे, प्राकृतचे, शिलालेखांचे. चिनीशी त्यांचा संबंध नाही. पण याच संस्थेने १९७० साली एक जाडजूड पुस्तक छापलं: बुद्धघोषाच्या 'समन्तपासादिका' या पाली ग्रंथाचं जे चिनी रूपांतर संघभद्र नावाच्या भिक्षूने पाचव्या शतकाच्या अखेरीस केलं, त्याचा इंग्रजी अनुवाद. करणारे दोघे. एक पुण्याचे पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, दुसरे टोकियो विद्यापीठाचे अकिरा हिराकावा. पालीतून चिनीत गेलेला विनयग्रंथ एका मराठी आणि एका जपानी पंडिताने मिळून पुन्हा बाहेर काढला, आणि तो छापला मालवणात जन्मलेल्या माणसाच्या नावाच्या संस्थेने. मध्ये दलाल नाही.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा हे पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं. वाचण्यासाठी घेतलं असं म्हणवत नाही. विनयाचे, म्हणजे भिक्षूंच्या आचाराचे, नियम आणि त्यांवरची टीका हे काही दुपारी लोळत वाचायचं साहित्य नव्हे. पण पानोपानी तळटिपांची जी वीण आहे तिच्यात मी अडकलो. इथे चिनीत असं आहे, पालीत तसं. हा शब्द चिनी भाषांतरकाराने गाळला, हा त्याने जास्तीचा घातला, इथे त्याच्यापुढे वेगळी पोथी असावी. दोन घरांतले कुलवृत्तांत ताडून बघावेत तसं हे काम, आणि सगळं शांतपणे, कुठेही आवाज न चढवता.

बापट हे धर्मानंद कोसंब्यांचे विद्यार्थी. कोसंबी गोव्यातल्या साखवाळचे, आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की खाली थोड्या अंतरावर. १८७६ चा जन्म. बुद्धाच्या ओढीने घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा फिरलेला हा माणूस १९१२ पासून काही वर्षं फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होता. त्याआधी आणि नंतरही हार्वर्डला जाऊन त्यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. आणि शिष्याने काय केलं? 'विसुद्धिमग्गा'चा एक वडील भाऊ आहे, 'विमुत्तिमग्ग'. त्याचं मूळ पाली हरवलं. फुनानहून, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या बाजूने चीनला गेलेल्या संघपाल नावाच्या भिक्षूने इसवी सन ५१५ मध्ये त्याचं चिनी भाषांतर केलं होतं, तेवढं टिकलं. बापट चिनी शिकले, तिबेटी शिकले, आणि दोन्ही ग्रंथ समोरासमोर ठेवून १९३२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. प्रबंध १९३७ साली पुण्यातच छापला. गुरूने थोरल्या रस्त्याची डागडुजी केली, शिष्याने बुजलेली पायवाट शोधली.

बापटांच्या कामाचा आणखी एक धागा मला जास्त आवडतो. १९२४ साली बापटांनी 'सुत्तनिपात' देवनागरीत संपादित केला. त्यातला 'अट्ठकवग्ग' हा भाग फार जुना मानतात. याच गाथांचं, भोवती कथा गुंफलेलं एक रूप तिसऱ्या शतकात ची-च्येन नावाच्या भाषांतरकाराने चिनीत आणलं होतं. बापटांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९५१ साली विश्वभारतीने तो ग्रंथरूपात काढला. पहिल्या पुस्तकापासून या पुस्तकापर्यंत सत्तावीस वर्षं गेली. गाथा त्याच, बापट मात्र त्यांच्याकडे हिमालयाच्या पलीकडून परत आले होते.

विश्वभारतीचं नाव आलं की चीना भवनाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण चिनी पुस्तकांचा खरा मोठा संग्रह आपल्या देशातल्या एखाद्या विद्यापीठात उभा राहिला तो तिथे. तान युन-शान हे हूनानचे गृहस्थ १९२७ साली सिंगापुरात रवींद्रनाथांना भेटले, पुढच्या वर्षी शांतिनिकेतनात आले आणि आयुष्य तिथेच काढलं. १४ एप्रिल १९३७ ला, बंगाली नववर्षाच्या दिवशी, चीना भवन उघडलं. चीनमधून देणगीदाखल आलेल्या पोथ्यांचा आकडा एक लाखाच्या घरात सांगतात. बंगालच्या लाल मातीत, सालवृक्षांच्या सावलीत, लाखभर चिनी पोथ्या! लायब्ररी म्हणजे कपाटं नव्हेत हे तिथे कळतं. एका माणसाने आपलं गाव सोडून परक्या गावात ठाण मांडलं, म्हणून ती कपाटं भरली.

पुण्यालाही असे लोक होते. वासुदेव विश्वनाथ गोखले हे फर्ग्युसनचेच. १९३० साली बॉनला त्यांचा प्रबंध छापला तो चिनीतून थेट जर्मनमध्ये आणलेल्या एका बौद्ध ग्रंथावरचा. मराठी घरातला मुलगा, बाराखडी देवनागरी, मजकूर चिनी, भाषांतर जर्मन. राहुल सांकृत्यायनांनी तिबेटातल्या मठातून फोटो काढून आणलेल्या संस्कृत पोथीवरून त्यांनी 'अभिधर्मकोशा'च्या कारिका १९४६ साली प्रसिद्ध केल्या. ज्यांचं संस्कृत गेलं असं समजून लोक तोवर चिनी-तिबेटीवर भागवत होते. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांच्याबरोबर त्यांनी 'सुभाषितरत्नकोश' संपादला, तो हार्वर्डने १९५७ साली काढला. चीन म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉक्टर कोटणीस आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण त्यांच्याच काळात पुण्यात टेबलापाशी बसून चिनी ओळीवर बोट ठेवून वाचणारी ही माणसं होती, यांच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. काढणार तरी कसा? दिवसभरात एक पान, हेच तर त्यांचं कर्तृत्व.

ते एक पान कसं असतं ते पुण्यातल्याच एका ग्रंथालयात मी पाहिलं. चिनी त्रिपिटकाची प्रमाण आवृत्ती जपानात निघाली, तैशो नावाची. १९२४ ते १९३४ या दहा वर्षांत शंभर खंड. खंड उचलायला दोन्ही हात लागतात. पान आडव्या तीन पट्ट्यांत विभागलेलं. प्रत्येक पट्टीत २९ उभ्या ओळी, ओळीत १७ अक्षरं, वाचायचं उजवीकडून डावीकडे, वरून खाली. म्हणजे पानात दीड हजाराच्या आसपास अक्षरं, आणि मला त्यातलं एकही येत नव्हतं. ओळींमध्ये शब्दांना जागा सोडलेली नाही. कुठे नाव संपतं, कुठे क्रियापद लागतं, हे वाचणाऱ्याने आपल्या जिवावर ठरवायचं. तळाला पाठभेद: सुंग छापात हे अक्षर असं, मिंग छापात तसं. आणि त्या तळटिपांत मधेच रोमन लिपीत एखादा पाली शब्द दिसतो. परमुलखातल्या एसटी स्टँडवर कुणीतरी मालवणीत भांडताना ऐकू यावं, तसं मला झालं.

तिथल्या ग्रंथपालबाईंनी मला शब्दकोश कसा बघतात तेही दाखवलं. चिनी अक्षरांना आपल्यासारखा अकारविल्हे क्रम नाही. जुन्या कोशांत २१४ घराणी केलेली आहेत; अक्षराचं घराणं ओळखायचं, मग उरलेल्या रेघा मोजायच्या, मग त्या रांगेत शोधायचं. पाण्याच्या घराण्याची खूण डावीकडे तीन थेंब. मी अर्थातच माशांचं घराणं काढायला सांगितलं. अकरा रेघांचं अक्षर, आणि त्याच्या पोटात पानंच्या पानं मासे. माकूल तिथे आहे. देवमासाही तिथेच, मगरसुद्धा तिथेच. कुर्ली आणि कोळंबी मात्र माशांत नाहीत. त्या किड्यांच्या घराण्यात टाकल्यात. किड्यांत! हे मी घरी सांगितलं तेव्हा आईने चिनी लोकांचं नाव टाकलं.

ग्रंथालयाच्या माणसाला याहून मोठा ताप वेगळाच असतो. चिनी नाव रोमन लिपीत लिहायच्या पद्धती निरनिराळ्या. बापट-हिराकावांच्या पुस्तकाचं शीर्षक वेड-जाइल्स पद्धतीचं, जोडरेघा आणि वरच्या स्वल्पविरामांनी भरलेलं. नंतर जगभर पिनयिन पद्धत आली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १ ऑक्टोबर २००० पासून आपली तालिका पिनयिनवर नेली आणि लाखो नोंदी फिरवाव्या लागल्या. ज्या ग्रंथालयांना ते जमलं नाही तिथे एकच पुस्तक दोन नावांनी नांदतं, किंवा शेल्फावर असून वाचकाला नाही म्हणून सांगितलं जातं. आपल्याला हा घोटाळा शाळेपासून माहीत आहे, फक्त लक्षात आलेला नसतो. माझ्या पाठ्यपुस्तकात ह्युएन-त्संग होता. धाकट्या भावाच्या पुस्तकात युआन श्वांग झाला. आता शुआन त्सांग लिहितात. माणूस तोच, साधारण ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात येऊन गेलेला, त्याआधी कोंकणपूर नावाच्या राज्यातून आलेला. ते नेमकं कुठे, यावर विद्वानांचं जमत नाही, पण नावात कोकण आहे म्हटल्यावर आम्ही कान टवकारणारच. मराठी माणसाच्या स्वभावाबद्दल त्याने लिहिलेला उतारा आपण छातीवर मिरवतो. तो आपल्यापर्यंत आला सॅम्युएल बील यांच्या १८८४ च्या इंग्रजी भाषांतरातून आणि मग थॉमस वॉटर्स यांच्या विवेचनातून. म्हणजे आपलं कौतुक चिन्याने केलं आणि साहेबाने सांगितलं. लिलावातल्या बळ्यासारखंच.

संघभद्राच्या पुस्तकाभोवती एक कथा आहे, ती ५९७ सालच्या एका चिनी ग्रंथसूचीत नोंदलेली आहे. बुद्धाच्या निर्वाणानंतर त्याच्या उपाली नावाच्या शिष्याने विनयाचा संग्रह केला, वर्षावास संपला तेव्हा त्या ग्रंथाची फुलं-धुपाने पूजा केली आणि त्यावर एक ठिपका दिला. पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर आणखी एक. उपालीनंतर त्याच्या शिष्याने, मग त्याच्या शिष्याने. दरवर्षी पाऊस थांबला की एक ठिपका. असा तो ग्रंथ हातोहात आला. शेवटी एक आचार्य तो घेऊन समुद्रमार्गे कँटनला पोचले, आणि परत जायला गलबतावर चढता चढता त्यांनी तो शिष्याच्या, संघभद्राच्या, हाती दिला. ४८९ साली वर्षावासानंतर संघभद्राने ठिपका दिला तेव्हा एकूण ठिपके भरले ९७५. त्यावरून निर्वाणाचं साल निघतं इसवी सनापूर्वी ४८६, आणि बुद्धाच्या काळाचा वाद मांडताना अभ्यासक अजूनही हा हिशेब पुढे आणतात.

त्यात अडचण उघड आहे. त्रिपिटक लिहून काढलं गेलं तेच मुळी बुद्धानंतर काही शतकांनी, सिंहलात. तोवर ते पाठांतराने चालत आलं. मग पहिले काही शे ठिपके दिले कशावर? विद्वानांची शंका बरोबर आहे आणि तरी ती कथा मला सोडवत नाही. आमच्याकडे जूनच्या पहिल्या तारखेला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झावळांनी शाकारतात, आणि मग दोन महिने माणसं जाळी विणत, गजाली मारत बसतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की वर्ष नव्याने सुरू. पावसाळा हे वर्ष मोजायचं माप आहे, हे कोकणातल्या माणसाला शिकवायला लागत नाही. ठिपका द्यायची बुद्धी आम्हाला झाली नाही एवढंच.

आणि गलबतावर चढता चढता पुस्तक देणं! बंदरावर राहणाऱ्याला त्यातली घाई दिसते. ओहोटी लागलेली असणार, वारा पडायच्या आत निघायला हवं, खलाशी ओरडताहेत. अशा गडबडीत आपण किल्ल्या देतो, पैसे देतो, आठवण झालेला निरोप देतो. त्या माणसाने हजार वर्षांचे ठिपके दिले.

आता हे सगळं मालवणात खाटेवर बसून बघता येतं. तैवानात १९९८ पासून चिनी त्रिपिटक संगणकावर चढवायचं काम सुरू झालं, टोकियोतही तैशोच्या ८५ खंडांचा मजकूर तसाच सिद्ध झाला. संघभद्राचा ग्रंथ तैशोत १४६२ क्रमांकाचा, चोविसाव्या खंडात. क्रमांक घातला की पान समोर. अक्षरावर बोट ठेवलं की कोशाची खिडकी उघडते. बापटांना जे खंड गाठायला देश पालथा घालावा लागला असेल ते माझ्या फोनवर, तेही जिल्ह्यातली वीज गेलेली असताना. पण खिडकी उघडते ती इंग्रजीत. अक्षराचा अर्थ मला साहेबाच्याच भाषेत कळतो. कपाट घरी आलं, मधला माणूस हटला नाही.

मराठी वाचकाची पूर्वेची ओळख तशी कमी नाही. पुलंच्या 'पूर्वरंग'ने एका पिढीला जपान दाखवला. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला, आणि आता कोकणातल्या शाळेतली पोरंसुद्धा तीन ओळींत पाऊस लिहितात. त्याही हायकूशी पोचल्या इंग्रजीच्या वाटेने. मी हे उणं म्हणून सांगत नाही. त्यांच्या हातात आल्यावर तो मराठीच झाला. तरी बाशोच्या ओळीतला बेडूक थेट कुणी मराठीत आणला असता तर त्याने कशी उडी मारली असती, हा विचार येतोच.

आणायला माणसं आता आहेतही. माझी भाची पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकते. तिच्याबरोबर शिकणारी मुलं इंजिनिअरिंगची, कॉमर्सची, बहुतेकांची नजर चाकण आणि हिंजवडीच्या जपानी कंपन्यांवर. त्यात वाईट काय? डचांचे कारकूनही पोटासाठीच देजिमाला बसले होते. हिरागाना ४६, काताकाना ४६, वर दैनंदिन वापराची म्हणून ठरवलेली २१३६ कांजी. हे पोटाच्या ओढीशिवाय कोण पाठ करील? एकदा तिच्याबरोबर मी शहरातल्या एका वाचनालयातलं जपानी कपाट पाहायला गेलो. परीक्षेच्या पुस्तकांचे कणे मोडलेले, कडा मळलेल्या, पानापानावर पेन्सिलीने उच्चार लिहिलेले. खालच्या फळीवर कावाबाता आणि सोसेकी, बहुधा देणगीत आलेले, कोरे करकरीत. भाचीने एक उघडून पहिलं वाक्य वाचलं, अडखळली, पुन्हा वाचलं आणि मिटून ठेवलं. "एन-वनची परीक्षा झाल्यावर," म्हणाली.

मग मी तिला फुकाझावांबद्दल सांगितलं. हिरोशी फुकाझावा हे हितोत्सुबाशी विद्यापीठातले. पेशवाईतल्या महाराष्ट्राचा अभ्यास करायचा म्हणून मराठी शिकले, मराठ्यांची कागदपत्रं वाचली. अठराव्या शतकातली जमीन, कुळं, वेठबिगार, जातींचे तंटे, राजसत्ता त्यांत कशी हात घालायची, हे सगळं त्यांनी आपल्याच दप्तरांतून काढलं. त्यांचा एक गाजलेला निबंध बलुतेदारांवर आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी हे अमक्या-तमक्या घराण्याला बांधलेले होते, की साऱ्या गावाचे नोकर होते? उत्तरेतल्या जजमानी पद्धतीच्या चष्म्यातून बघणाऱ्यांनी घराण्याचं उत्तर गृहीत धरलं होतं. फुकाझावांनी कागद काढून दाखवलं की महाराष्ट्रात बलुतेदार गावाचे होते. त्यांच्या मागून हिरोयुकी कोतानी आले, त्यांनी वतनांवर काम केलं. ही माणसं आपल्याकडे आली ती मधल्या माणसावाचून. साहेबाने काय लिहिलं ते वाचून ती थांबली नाहीत, पाटील-कुलकर्ण्यांचा कागद त्यांनी स्वतः वाचला.

फुकाझावांचे इंग्रजी निबंध 'द मिडिव्हल डेक्कन' या नावाने १९९१ साली दिल्लीत निघाले, त्यांच्या पश्चात. पण १९७२ चा त्यांचा मोठा ग्रंथ जपानीत आहे. आपल्या गावगाड्याविषयी, आपल्याच कागदांवरून लिहिलेला, आणि आपण तो वाचू शकत नाही. जपानी विद्यार्थी टोकियोत बसून इंदापूर-सुप्याच्या पाटलांची भांडणं वाचतो, आणि पुण्यातल्या विद्यार्थ्याला तो ग्रंथ आहे हेही माहीत नसतं. पूर्व आशियाई संग्रह म्हटला की आपल्याला वाटतं तिकडचं तिकडे, बौद्ध सूत्रं आणि चहाचे सोहळे. त्यात आपलंही घर आहे, आणि ते कुठल्या फळीवर आहे याचा पत्ता लागायला जपानी यावं लागतं.

भाचीला हे पटलं की मामाची समजूत म्हणून ती गप्प राहिली, कळलं नाही. पण मे महिन्यात मालवणात असताना तिचा फोन आला.

"मामा, तुझ्या त्या माणसाचं नाव खऱ्या अक्षरांत पाठव. रोमनमध्ये घातलं तर पन्नास फुकाझावा येतात."

मी पाठवलं. नेटवरून उतरवून, वहीत दोनदा गिरवून, त्याचा फोटो. तासाभराने पुन्हा फोन.

"आडनावातली दोन्ही अक्षरं पाण्याच्या घराण्यातली आहेत रे, पाहिलंस? आणि पुस्तक इथे नाहीये. दिल्लीला असेल तर मागवता येईल म्हणाले, नाहीतर जपानातून चौकशी करावी लागेल. फॉर्मात एक रकाना आहे, पुस्तक कशासाठी हवं. काय लिहू?"

"बलुतेदारांसाठी, म्हणून लिही."

"मस्करी नको. ते सही करणार नाहीत."

"मग मराठी भाषांतरासाठी, असं लिही."

"कोण करणार?"

मी काही बोललो नाही. तिकडून बराच वेळ रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मग ती म्हणाली, "किती पानांचं आहे ते आधी विचारते."